सत्तावन्नाव्या पानावरचा हात

माझ्या पुस्तकाला कुणीतरी एक तारा दिला, तिथून हे सगळं सुरू झालं. पाचापैकी एक. त्या संकेतस्थळावर शून्य तारे देण्याची सोय नाही, म्हणून एक. नाहीतर त्या गृहस्थाने तेवढीही दया दाखवली नसती, अशी तेव्हा माझी खात्री होती.

पुस्तक म्हणजे 'काजळदरी' या माझ्या चित्रकादंबरीचा दुसरा भाग, 'पुलापलीकडे'. चित्रकादंबरी म्हणजे काय, हे मी आमच्या इमारतीत कित्येक वर्षं समजावून सांगतो आहे. "म्हणजे लहान मुलांचं का?" असं कुणी विचारलं की पूर्वी मी अर्धा तास बोलत असे. आता 'हो' म्हणतो आणि जिना चढतो. ते लहान मुलांचं नाही. काजळदरीत एक पोरकी मुलगी आहे, ती पुढे राणी होते. एक पूल आहे, पुलावर दगडी राखणदार आहे. ड्रॅगन आहेत, आणि ड्रॅगनच्या गळ्यातली आग नेमकी कुठल्या नळीतून येते हे मी छेद काढून दाखवलं आहे, कारण पोटासाठी मी पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायचे. ते पाइप फुटल्याशिवाय कुणी त्या नकाशांकडे बघत नाही. सकाळी साडेपाच ते साडेसात जेवणाच्या टेबलावर काजळदरी. दुसऱ्या भागाला तीन वर्षं लागली. तीन वर्षं आमच्या घरात सगळ्यांनी नाश्ता उभ्याने केला.

दुसरा भाग संपतो तेव्हा राणी पुलापलीकडे पोचली आहे, तिला एकच हात उरला आहे, आणि दरीचं दार तिच्यामागे बंद झालं आहे. पुढे काय होतं ते फक्त मला ठाऊक. ते सांगायला तिसरा भाग हवा, आणि तिसऱ्या भागाला प्रकाशक हवा. प्रकाशक फोनवर म्हणाले, "हे बघा, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." विश्वासाने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'पण' येतोच. "पण ग्रंथविक्रेता संघाच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांत निदान अठरा वाचकांची मतं यायला हवीत, आणि सरासरी चार ताऱ्यांच्या खाली जाता कामा नये. जमलं तर तिसरा भाग करू. नाही जमलं तर तुमचं ते दार बंद झालंय ना, ते बंदच राहू दे."

दोन महिन्यांत चार मतं आली. तीन माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांची, प्रत्येकी पाच तारे. एकाने लिहिलं होतं 'छान', दुसऱ्याने 'छान आहे', आणि तिसऱ्याने 'पुस्तक वेळेत मिळाले, पॅकिंग मजबूत'. चौथं मत वाचक क्रमांक ४१७ याचं. तिथे वाचकाचं नाव देत नाहीत, नुसता क्रमांक देतात, वाचकाला निर्भयपणे लिहिता यावं म्हणून. लेखकाच्या निर्भयपणाची सोय कुठल्याच संकेतस्थळावर नसते. ते मत मला अजून तोंडपाठ आहे.

'पहिला भाग दोनदा वाचला. आवडला. दुसरा भाग पान ४८ पर्यंत चांगला आहे. पान ४८ वर राणी पुलावर पाय ठेवते. पान ४९ वर ती पुन्हा आठ वर्षांची होऊन विहिरीपाशी बसली आहे. असे सोळा पाने चालते. पान ६५ वर ती पुलापलीकडे आहे आणि तिला डावा हात नाही. हात कुठे गेला? कोणी घेतला? तिला दुखले का? यातले काहीही सांगितलेले नाही. लेखकाने स्वतः हे वाचले आहे का, असा प्रश्न पडतो. तिसऱ्या भागात खुलासा व्हावा.'

हात कुठे गेला! अहो, हात सत्तावन्नाव्या पानावर गेला! अख्ख्या पानाचं एकच चित्र आहे. राखणदार म्हणतो, 'ज्या हाताने अलीकडचं धरून ठेवलं आहेस, तो हात देऊन पलीकडे जा.' आणि ती देते. त्या एका चित्राला मला अकरा सकाळी लागल्या. राखणदाराच्या दगडी तळव्यावरचा तो छोटा हात मी नऊ वेळा पुसून पुन्हा काढला. आणि हा शहाणा विचारतो, तिला दुखलं का! उघड होतं, या माणसाने मधली सोळा पानं ओलांडली होती आणि पहिल्या भागातली विहीर आठवून तीच इथे ठोकून दिली होती. न वाचता मत द्यायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. माझी स्वतःची प्रत शोकेसमध्ये काचेमागे उभी होती. पुस्तक घरी आलं त्या दिवशी मी मुखपृष्ठ बघितलं, मागचा माझा फोटो बघितला, 'अजून न भेटलेल्या वाचकास' ही अर्पणपत्रिका बघितली, शाईचा वास घेतला आणि ते उभं करून ठेवलं. ज्याने काढलं त्याला पाठच असतं, त्याने परत काय बघायचं?

मी ते मत सकाळच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने ऐकून घेतलं आणि कप विसळायला उचलला. सासरे साखर ढवळत होते.

सासऱ्यांबद्दल इथे सांगायला हवं. ते चार वर्षांपासून आमच्याकडे राहतात. वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर रीडर होते. मीटर न बघता एकही आकडा लिहिला नाही, हा त्यांच्या आयुष्याचा अभिमान. त्यापायी दोनदा कुत्रा चावला आणि एकदा घरमालक अंगावर धावून आला, पण आकडा बघूनच लिहिला. ती सवय डोळ्यांना इतकी लागली आहे की समोर येईल ते हा माणूस पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतो. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचतो. कुकरची गॅरंटी वाचतो. बिलाची मागची बाजू वाचतो. माझ्या पुस्तकाची एक प्रत बायकोने त्यांना दिली होती, त्याला दोन महिने झाले होते, आणि त्यावर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. बिलाची मागची बाजू वाचणाऱ्या माणसाने घरातल्या लेखकाबद्दल ब्रही काढू नये, याचं मला काय वाटत असेल ते मी कुणाला सांगत नव्हतो. बायकोला सोडून. तिला रोज सांगत होतो.

तर सासरे साखर ढवळत म्हणाले, "पण मग हात गेला कुठे?"

"बाबा, तुम्हीसुद्धा?" मी म्हणालो.

"नाही, आपलं विचारलं," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

मी ही गोष्ट जिन्यात इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितली, हे माझं पहिलं पाप. आमचे सेक्रेटरी निवृत्त माणूस आहेत, पण सह्या गोळा करण्यातून निवृत्त झालेले नाहीत. "चित्रकार," ते म्हणाले (इमारतीत मला चित्रकार म्हणतात, आणि म्हणताना किंचित हसतात), "मतं अशी येत नसतात. मतं आणायची असतात. वरच्या पाण्याच्या टाकीच्या वेळी मी एका दिवसात चाळीस सह्या आणल्या होत्या."

"पण टाकी कुठे झाली?"

"टाकी नाही झाली. सह्या झाल्या ना!"

मी माझ्या वाट्याच्या सोळा प्रती इमारतीतल्या सोळा घरांत वाटल्या. प्रत्येक घरी सल्ला मिळाला. समोरच्या काकूंनी मुखपृष्ठ लांब धरून बघितलं आणि विचारलं, "ड्रॅगनच्या जागी मांजर नसतं का चाललं? मांजर सगळ्यांना आवडतं. शिवाय काढायला सोपं." पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी राणीच्या चेहऱ्याचं बारकाईने निरीक्षण करून सांगितलं, की हिचे दात फार सरळ आहेत, त्या काळी असे नसणार. कुठला काळ, हे मी विचारलं नाही. त्यांनी ती प्रत दवाखान्यातल्या टेबलावर जुन्या मासिकांच्या खाली ठेवली. आणखी एका घरी विचारलं, याच्याबरोबर रंगीत पेन्सिली मिळतात का. मी सगळ्यांना एकच विनंती करत होतो: वाचा आणि मत द्या. सगळ्यांनी त्यातलं दुसरं काम लगेच करायचं कबूल केलं.

मत नोंदवायला वाचकाचा पुस्तकासह फोटो लागतो. सेक्रेटरींनी एका दुपारी सगळ्यांना खाली गोळा करून ते काम उरकलं. चार दिवसांनी मला ग्रंथविक्रेता संघाच्या वाचक-मत कक्षातून बोलावणं आलं. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि एक बाई. बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "या अकरा वाचकांच्या हातातल्या पुस्तकाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. एकाच जागी, एकाच आकाराचा."

डाग काकूंच्या प्रतीचा होता. खाली जमल्यावर प्रत्येकाने आपली प्रत आणायला वर कशाला जायचं, म्हणून एकच प्रत हातोहात फिरली होती. मी म्हणालो, "आमच्याकडे सगळेच चहा पितात." बाई हसल्या नाहीत. त्या टेबलावर गेली कित्येक वर्षं कुणी हसलं असावं असं वाटत नाही.

पुन्हा फोटो झाले. या वेळी प्रत्येकाच्या हातात स्वतःची प्रत होती आणि प्रत्येक प्रतीवर दुकानातलं पारदर्शक वेष्टन होतं, ते उन्हात असं चमकत होतं की पुस्तकाचं नावही वाचता येईना. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "वेष्टनातून वाचलं का?" तिसऱ्या वेळी मी स्वतः दारोदार जाऊन, स्वतःच्या नखांनी, स्वतःच्या पुस्तकांची वेष्टनं फाडली. एखाद्या लेखकाच्या आयुष्यात याहून खालची पायरी असेल तर ती मला पुढे सापडलीच, म्हणून आत्ता तक्रार करत नाही.

मतं आली. सोळाच्या सोळा, पाच-पाच तारे. सेक्रेटरींनी नमुन्याचे तीन मजकूर करून दिले होते, त्यातला कुणी कुठला घ्यायचा हे मजल्यानुसार ठरलं होतं. डॉक्टरांनी मात्र स्वतःचं लिहिलं: 'हे पुस्तक हातात घेतल्यावर रुग्णाला वेदनेचा विसर पडतो.' काकूंनी लिहिलं, 'सर्व ड्रॅगन घरच्यासारखे वाटले.' एकूण वीस मतं झाली. मी बायकोला म्हणालो, झालं, दार उघडलं. बायको म्हणाली, "यांच्यातल्या कुणी वाचलंय का हो?" मी म्हणालो, "वाचल्याशिवाय कुणी पाच तारे देईल का?" ती काही बोलली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर बायका काही बोलत नाहीत तेव्हाच जास्त बोलतात.

संध्याकाळी सरासरी बघितली: तीन पूर्णांक सहा.

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कक्षात गेलो. बाईंनी नियमावली उघडली. पानांचे क्रमांक देऊन लिहिलेलं मत हे 'साधार मत' धरतात आणि साधार मताचं वजन दहापट असतं. आमच्या विसांत साधार मत एकच होतं, वाचक क्रमांक ४१७ चं. "तुमच्या बाकीच्या वाचकांनाही पानांचे क्रमांक घालून लिहायला सांगा," बाई म्हणाल्या. "सोपं आहे."

हे मी सेक्रेटरींना सांगितलं. "म्हणजे उघडावं लागेल," ते म्हणाले. "लोकांना संसार आहेत, चित्रकार. त्यापेक्षा ते मतच काढून टाकू."

तशी सोय होती. कलम नऊ: ज्याने पुस्तक वाचलेलं नाही अशा व्यक्तीचं मत, पंधरा प्रत्यक्ष वाचकांच्या सहीचं निवेदन आल्यास रद्द होतं. आणि ४१७ ने पुस्तक वाचलेलं नाही हे तर त्याच्याच शब्दांत सिद्ध होत होतं. निवेदन मी स्वतः लिहिलं, नकाशावरच्या टिपांसारख्या सुवाच्य अक्षरात: 'आम्ही खाली सही करणारे वाचक, हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले असून, राणीचा डावा हात पान ५७ वर गेल्याचे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. सबब वाचक क्रमांक ४१७ याने पुस्तक न वाचताच मत दिल्याचे स्पष्ट होते.' 'सबब' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं. माणसाचा राग कायदेशीर झाला की त्याला एक प्रकारची शोभा येते.

सेक्रेटरींनी फाटकाशी खुर्ची टाकली आणि तासाभरात चौदा सह्या झाल्या. काकूंनी सही करताना उसासा टाकून म्हटलं, "बिचारीचा हात!" डॉक्टर दवाखान्यातून बाहेर येईनात आणि दुसऱ्या मजल्यावरचे बाहेरगावी गेले होते. प्रकाशकांची तीन महिन्यांची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. पंधरावी सही घरातच होती.

सासरे गॅलरीत बसले होते. मी कागद आणि पेन पुढे केलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, आणि निवेदन पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले. एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी घड्याळ बघत उभा.

"पान सत्तावन्नवर बघितलंय, असं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी बघितलंय, बाबा. चौदा जणांनी सही केलीय. तिसऱ्या भागाचा प्रश्न आहे."

"स्वतःच्या डोळ्यांनी?"

"अहो बाबा, ती एक लिहायची पद्धत असते."

त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. आत बायको दारात येऊन उभी राहिली होती, ती का, हे मला तेव्हा कळलं नाही. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठे करू सही?"

मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याने एकदा तरी माझ्यासाठी काहीतरी केलं.

मत रद्द झालं. वाचक क्रमांक ४१७ चं खातं कायमचं बंद करण्यात आलं. सरासरी पाच झाली, पाच पूर्णांक शून्य, असं निष्कलंक यश मला शाळेतसुद्धा कधी मिळालं नव्हतं. प्रकाशकांचा फोन आला: तिसरा भाग मंजूर! सेक्रेटरींनी लगेच जाहीर केलं की रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये माझा सत्कार होणार, आणि मी तो सुप्रसिद्ध हात सगळ्यांना दाखवणार. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण मला शाळेपासून ठाऊक आहे. ती वेळेवर आठवली नाही, एवढंच.

रविवारी दोन गाड्या हलवून तीस खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी पंचवीस मिनिटं बोलले. त्यांत पाण्याची टाकी दोनदा आली. शेवटी म्हणाले, "सत्तावन्नाव्या पानावरचा हा हात फक्त राणीचा नाही. तो तुमचा-आमचा, प्रत्येक सामान्य माणसाचा हात आहे!" टाळ्या झाल्या. मी शोकेसमधली प्रत बरोबर आणली होती. सत्तावन्नावं पान अंगठ्याने चाचपून उघडलं आणि पुस्तक लोकांकडे वळवून, मंत्र्यासारखं डोक्यावर धरलं. चित्र मला पाठ होतं. मी बोलायला लागलो. राखणदाराचा दगडी तळवा कसा, त्यावरचा तो छोटा हात कसा, राणीने ओठ कसा दाताखाली धरला आहे, तिचे डोळे कोरडे का आहेत. लोक माना डोलावत होते. डॉक्टर म्हणाले, "वा!" काकूंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाल्या, "किती ते रक्त! बघवत नाही गं."

रक्त मी काढलंच नव्हतं. राखणदार दगडाचा करतो तो हात, आधी थंड आणि मग दगड. रक्ताचा थेंब नाही त्या पानावर. काकूंना कुठलं रक्त दिसलं म्हणून मी पुस्तक स्वतःकडे वळवलं.

पानावर विहीर होती. विहिरीपाशी आठ वर्षांची मुलगी होती. दोन्ही हातांनी दोर धरून ती बादली ओढत होती आणि हसत होती. पहिल्या भागातलं पान. मागे-पुढे चाळलं: एकोणपन्नासपासून चौसष्टपर्यंत सगळी पहिल्या भागातली पानं. पूल नाही, राखणदार नाही, हात नाही. माझ्या अकरा सकाळी नाहीत.

मी वर बघितलं. तीस खुर्च्यांवरची माणसं टाळ्या वाजवत होती. ज्या चित्रात मुलीला दोन हात होते आणि त्या दोन्हींत दोर होता, त्याकडे बघून चौदा प्रत्यक्ष वाचक तुटलेल्या हातासाठी हळहळत होते. शेवटच्या खुर्चीवर सासरे बसले होते. ते तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी पुस्तक मिटलं आणि आभार मानले. दुसरं काय करणार? हार तर गळ्यात पडलाच होता.

प्रकाशकांना फोन केला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवून बांधतात, त्या एका घडीला फर्मा म्हणतात. बांधणीवाल्याकडे पहिल्या भागाचे चौथे फर्मे उरले होते, आकार तोच, कागद तोच. त्याने तो गठ्ठा उचलला आणि दुसऱ्या भागात शिवला. सगळ्या पाचशे प्रतींत. "पाचशेच्या पाचशे?" प्रकाशक म्हणाले. "मग एकसारख्या तरी आहेत. कुणाची तक्रार आली का?"

"एक आली होती."

"ती तर तुम्हीच काढायला लावलीत ना?" ते म्हणाले. "आता गप्प बसा. तिसरा भाग हवाय ना तुम्हाला?"

फोन ठेवून मी आत गेलो. सासऱ्यांच्या उशाशी त्यांची प्रत होती. पाठीचा कणा सैल झालेला, कडा मळलेल्या, पानापानांत औषधांच्या कागदांच्या पट्ट्या. पान ४८ च्या तळाशी बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढे?' आणि पान ६५ वर, राणीच्या मोकळ्या बाहीपाशी, 'हात?' अर्पणपत्रिकेच्या पानावर 'अजून न भेटलेल्या वाचकास' याच्या खाली एक छोटीशी टिक होती, मीटर बघून झाल्यावर वहीत करतात तशी.

बायको मागे येऊन उभी राहिली. "तीन वेळा वाचलं त्यांनी," ती म्हणाली. "सांगितलं ते मी टाइप करून दिलं. तारा एकच दे म्हणाले. म्हणाले, काम अर्धं सुटलंय, एकच दिला म्हणजे लक्ष जाईल त्यांचं."

"मग मला तोंडावर का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. टेबलावर विचारलं त्यांनी, हात गेला कुठे म्हणून. तुम्ही म्हणालात, तुम्हीसुद्धा?"

"आणि सही? बघितलं नव्हतं तर सही का केली?"

तिने प्रत पुन्हा उशाशी ठेवली. "मलाही तेच वाटलं. मी विचारलं त्यांना. म्हणाले, मुलीच्या घरी राहतो, सही मागितली तर द्यायची. मत कुठे मागितलंय कुणी."

एकतीस वर्षं, दोन कुत्रे आणि एक घरमालक यांना जे जमलं नाही, ते मी गॅलरीत उभ्याउभ्या दोन मिनिटांत केलं होतं. न बघितलेल्या आकड्यावर त्या माणसाने आयुष्यात एकदाच सही केली, ती माझ्यासाठी, आणि ती स्वतःच्याच विरुद्ध. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, जेवण गेलं नाही दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी कक्षात गेलो आणि रद्द केलेलं मत पुन्हा लावायचं आहे म्हणून सांगितलं. बाईंनी नियमावली उघडली. ज्या पंधरा जणांनी सही केली, त्या सगळ्यांनी आपण पुस्तक वाचलं नसल्याचं लेखी द्यायला हवं. मी सेक्रेटरींकडे गेलो. ते संतापले. "मी वाचलंय! पान सत्तावन्न! हात माझ्या डोळ्यांदेखत गेलाय!" त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी विहिरीपाशी बसलेल्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या प्रतीत आहे." प्रत दाखवा म्हटलं तर ती त्यांनी कुणालातरी वाढदिवसाला दिली होती.

मग मी एकट्याचंच निवेदन लिहून नेलं: 'मी, या पुस्तकाचा लेखक, हे पुस्तक वाचलेले नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं. त्या टेबलावर पहिल्यांदाच कुणाचातरी चेहरा थोडा मऊ झाला. "लेखक वाचक धरला जात नाही," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

खरं सांगायचं तर तो कागद परत घेताना मला सुटल्यासारखं वाटलं. मत परत आलं असतं तर सरासरी पुन्हा तीन पूर्णांक सहा झाली असती आणि तिसरा भाग गेला असता. प्रयत्न केल्याचं समाधान आणि प्रयत्न फसल्याचा फायदा, दोन्ही एकाच माणसाला मिळू नयेत. मला मिळाले. मी तसाच माणूस आहे, हे या प्रकरणातून कळलं, एवढं एक ज्ञान पदरात पडलं.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. माळ्यावरच्या खोक्यात त्या सोळा पानांची मूळ चित्रं होती. ती काढली, झटकली, क्रमाने लावली. पूल, राखणदार, हात. अठ्ठावन्नाव्या पानावर राणी पलीकडच्या काठावर बसते आणि नसलेल्या हाताच्या जागी फुंकर घालते. तिला दुखलं का, याचं उत्तर तिथे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता सगळ्यांना बसून करू दिला, आणि तो गठ्ठा घेऊन गॅलरीत गेलो. सासरे रस्त्याकडे बघत बसले होते. शेजारी औषधाचं नवं खोकं होतं. आतला कागद घडी न मोडता तसाच होता.

"बाबा," मी म्हणालो, "ही राहिलेली पानं. हात कुठे गेला ते यात आहे. तुम्ही वाचा, आणि काय वाटतं ते मला सांगा. काहीही सांगा."

त्यांनी गठ्ठा घेतला, मांडीवर सरळ केला, कडा जुळवल्या. वरचं पान पूल ओलांडणाऱ्या राणीचं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून पेनसाठी हात पुढे केला.

"बरं," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "कुठे करू सही?"

चष्मा त्यांच्या खिशातच होता.